कै. लक्ष्मीबाई टिळक : एक आधुनिक रूथ

शाळूची काढणी संपत आली म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातील शेतांतून एक दृश्य हटकून दिसते. कणसे खुडून झालेल्या रानात गोरगरीब बायका, पदर खोचून, वाकून वाकून मागे राहिलेली कणसे वेचीत असतात. यास आपण सरवा वेचणे म्हणतो. पवित्र शास्त्रातील रूथेची कथा वर्गात शिकविताना आम्हांस या शब्दाचा अर्थ कधीच सांगावा लागत नाही. खेड्यातून आलेली मुले तो आमच्यापेक्षा अधिक जाणतात. कित्येकांच्या आयांनी व आज्यांनी तो वेचलेला असतो.

रूथेचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे व पंच्याऐंशी ओव्यांइतक्या वचनांचे आहे. त्याचा आरंभ दुष्काळाने होतो, हेही आपल्या अवर्षणी मुलखातील वाचकास परके वाटू नये. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. परंतु त्या भाकरीच्या घरीच भाकर उरली नाही, म्हणून अलीमलेख नावाचा गृहस्थ आपली बायको नामी व दोन मुलगे यांस घेऊन मवाब देशी गेला. तेथे तो वारला. मुलांनी मवाबी मुली केल्या, आणि दहा वर्षांच्या आत मुलगेही गेले. घरात तीन विधवा राहिल्या. नामी माघारी निघाली तेव्हा तिने दोन्ही सुनांस आपापल्या माहेरी जाण्याविषयी विनविले. धाकट्या वयाच्या त्या बायांस पुढे आयुष्य होते, आणि सासूपाशी देण्यासारखे काहीएक नव्हते. अर्पा रडली, सासूचा मुका घेऊन परत गेली. रूथ गेली नाही. ती परक्या गावी, परक्या लोकांत, परक्या देवाच्या छायेस आली आणि सासूच्या पोटासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली. पुढे बवाजाशी तिचा विवाह झाला, तिला ओबेद झाला, त्याचा इशाय व इशायाचा दावीद राजा.

ही कथा आपण वारंवार ऐकतो व वारंवार ऐकल्यामुळेच ती सोपी वाटू लागते. रूथेने एका वाटेवर, एका घटकेत निश्चय केला असे आपणांस दिसते. परंतु माणसाच्या प्रत्यक्ष आयुष्यात हा निश्चय एका घटकेत होतो काय? आणि मागे राहिलेल्यांचे काय? या दोन प्रश्नांचा विचार करू लागले की आमच्या डोळ्यांपुढे आपल्याच महाराष्ट्रातील एक बाई उभी राहते. तिचे नाव लक्ष्मीबाई नारायण टिळक. तिचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सारे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीने त्या कुटुंबावर मोठा आघात केला होता आणि त्यानंतर मनूच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. मुलांनी कोणास शिवू नये, कोणाकडे खेळू नये, सदा न्हात राहावे, असा तो कारभार होता. शाळेचे तर नाव नको. पुढे ज्या बाईने जातिभेद अंतःकरणातून उपटून टाकिला, तिचे बालपण असे पाण्यात भिजलेले व थंडीने काकडलेले गेले, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

अकरा-बारा वर्षांच्या वयात, १८८० च्या सुमारास, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते. विद्वान, कवी, वक्ता, अत्यंत दयाळू; आणि संसाराच्या दृष्टीने अगदी बिनभरवशाचा पुरुष! पैसा हातात आला की कोणास तरी देऊन टाकावा. मनास आले की घर सोडून चालू लागावे. कुठे गेले, केव्हा येणार, याचा पत्ता नसावा. एका गावी नोकरी धरावी, दुसऱ्या गावी सोडावी. लक्ष्मीबाईंचे पहिले पंधरा वर्षांचे संसाराचे दिवस कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीच्या घरी, असे वाट पाहण्यात गेले. सासरे करड्या स्वभावाचे होते. मुले झाली ती लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला देवदत्त मात्र वाचला.

येथे आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. टिळक हे आमच्या मंडळीचे भूषण. त्यांची शंभरांहून अधिक गीते आजही सोलापुरापासून मुंबईपर्यंत प्रत्येक मराठी उपासनेत गाइली जातात. फुलामुलांचे कवी म्हणून सर्व महाराष्ट्र त्यांस ओळखतो. तथापि पती या नात्याने त्यांच्या पुष्कळ गोष्टींचे समर्थन करणे कठीण आहे, आणि ते करण्याची गरजही नाही. खुद्द लक्ष्मीबाईंनी ते केलेले नाही. त्यांनी आपल्या लेखणीने नवऱ्याचे वेड जसेच्या तसे रंगविले, त्यावर हसल्या, रागावल्या, आणि प्रेम तर ओळीओळीतून वाहू दिले. झाकून ठेविलेल्या दोषांवर उभारलेली निष्ठा कच्च्या पायाच्या भिंतीसारखी असते. लक्ष्मीबाईंची निष्ठा तशी नव्हती.

१८९३ साली नागपुराकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचू लागले, आणि विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. दोन वर्षे त्यांच्या मनात हा झगडा चालला होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड अ‍ॅबट यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे अ‍ॅबटसाहेब म्हणजे ज्यांनी पुढे आपल्या महाराष्ट्रीय संतांची चरित्रे इंग्रजीत उतरविली तेच.

ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी गेली तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांस येणे कठीण. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे उच्चवर्णीय घरात तो मेल्याइतकाच झाला असे समजत. पण तो खरोखर मेलेलाही नसे. म्हणून बायको ना सधवा ना विधवा. वय सत्तावीस, पदरी चार वर्षांचा मुलगा, अक्षरज्ञान बेताचे, हाती पैसा नाही. नामीच्या सुनांपुढे निदान दोन वाटा होत्या. लक्ष्मीबाईंपुढे एकही सरळ वाट नव्हती. नवऱ्याकडे जावे तर धर्म, जात, आईबापांचे नाव, सारे बुडाले. न जावे तर जन्मभर दुसऱ्याच्या दारी.

कायद्याची गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. १८६६ साली सरकारने असा एक कायदा केला होता की, एखादा मनुष्य ख्रिस्ती झाल्यामुळे त्याची पत्नी त्याच्याजवळ नांदण्यास नाकारील तर त्यास न्यायालयाच्या द्वारे ते विवाहबंधन मोडून घेता येईल व दुसरा विवाह करता येईल. टिळकांस ती वाट मोकळी होती. त्यांनी ती धरिली नाही. ते पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले, भेटीस येत राहिले, अपमान सोशीत राहिले. संसारात बेभरवशाचा ठरलेला हा मनुष्य या एका गोष्टीत खडकासारखा निघाला. तिकडे लक्ष्मीबाईंनीही आपण टिळकांच्या कोणी नव्हेत असे कधी मानिले नाही. एकमेकांपासून दूर राहूनही दोघांनी ते बंधन तुटू दिले नाही.

मधल्या चार-साडेचार वर्षांत लक्ष्मीबाईंस कोणी सांभाळिले? त्यांची बहीण भिकुताई, मेहुणे पेंडसे आणि इतर आप्तांनी. हे सर्व निष्ठावंत हिंदू. टिळकांच्या कृत्याने त्यांस अत्यंत दुःख झालेले. पण त्या दुःखाचा सूड त्यांनी लक्ष्मीबाईंवर व लहान दत्तूवर उगविला नाही. या काळात आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरासही लक्ष्मीबाई काही दिवस राहिल्या होत्या. चंद्रभागेच्या तीरी, विठोबाच्या नगरीत, टाळमृदंगाच्या घोषात ही बाई आपल्या ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याचा विचार करीत बसलेली असे, हे चित्र आम्हांस फार हलवून सोडते.

आता अर्पेची गोष्ट निघते. वर्गात दरवर्षी कोणीतरी मूल विचारतेच की, अर्पा वाईट होती काय? पवित्र शास्त्रात तिला एक अक्षरही दोष दिलेला नाही. ती रडली, तिने सासूची आज्ञा मानिली, ती घरी गेली. आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. भिकुताई आपल्या धर्मात राहिल्या व लक्ष्मीबाई पुढे गेल्या. परंतु भिकुताईंच्या घरची भाकर नसती तर लक्ष्मीबाई पुढे जाण्यास जगल्याच नसत्या. कुटुंबप्रेमाची ही बाजू पुष्कळ उपदेशांतून गळून जाते.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे अहमदनगरास आल्या. पण कशा आल्या? बाप्तिस्मा घेण्यासाठी नव्हे. त्या आपले सोवळे, आपली चूल, आपले पाण्याचे भांडे घेऊन आल्या. त्यांचे बिऱ्हाड निराळे, स्वयंपाक निराळा. नवऱ्याने शिवायचे नाही, दूर बसून जेवायचे. आणि टिळकांनी हे सर्व मान्य केले! ज्यांनी स्वतः जात टाकून दिली होती त्या टिळकांनी बायकोची जात जपण्यासाठी धडपड करावी, यात जे औदार्य आहे ते आमच्या मते त्यांच्या कोणत्याही कवितेहून उणे नाही. मते जुळल्यावर एकत्र राहणे कोणासही साधते. येथे दोघे अगोदर एकत्र आली आणि मते मागून येतील तेव्हा येवोत, असे त्यांनी ठरविले.

रूथेचे व लक्ष्मीबाईंचे साम्य येथपर्यंत. भेद येथून सुरू होतो. रूथेने सासूबरोबर सासूचा देवही तत्काळ स्वीकारिला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा हात धरिला, पण त्याचा देव केवळ तो नवऱ्याचा आहे म्हणून घेतला नाही. त्या पाहत राहिल्या, भांडत राहिल्या, प्रश्न विचारीत राहिल्या. नगराहून राहुरीस बिऱ्हाड गेले त्या सुमारास त्यांच्या मनात जातिभेदाविषयी मोठे मंथन झाले. हा भेद देवाने केला असता तर तो माणसाच्या अंगावर कुठेतरी दिसला असता. पशूंत जसा दिसतो तसा. तो दिसत नाही. मग तो माणसांनीच केला असला पाहिजे. या सरळ विचाराने लहानपणापासून अंगात मुरलेले सोवळे गळून पडले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यानंतर १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोणी ओढून नेले नाही, कोणी भीती घातली नाही. टिळक पाच वर्षे थांबले होते. त्या थांबण्याचे मोल लक्ष्मीबाईंस कळले होते.

ते दिवस भयंकर होते. १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ आपल्या दख्खनेस भाजून काढीत होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या आठवणी सोलापूर, नगर या भागांतील लोकांच्या मनातून अद्याप पुसल्या नव्हत्या, तोच हा दुसरा घाला. पाठोपाठ प्लेग. मिशनच्या आवारांतून अनाथ मुलांची रीघ लागली. टिळक रस्त्यावर दिसेल ते मूल घरी आणीत. आणीत ते, पण न्हाऊ घालणे, उवा काढणे, भाकर थापणे, रात्री उठून पांघरूण घालणे हे लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. लहानपणी ज्या मुलीस सावली पडली तरी स्नान करावे लागे, तीच बाई आता जातगोत न विचारता कोणत्याही मुलाचे नाक पुशीत होती. प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषाही या दांपत्याने केली. पोटचा मुलगा एकच. परंतु तारा नावाच्या मुलीस त्यांनी आपली लेक म्हणून वाढविले, आणि इतर किती जणांनी त्या घरात आई शोधिली त्याची मोजदाद नाही.

त्यांपैकी एकाचे नाव मात्र सर्व महाराष्ट्र जाणतो. १९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाची प्रतिभा टिळकांच्या दृष्टीस पडली. हेच बालकवी. पुढे ते अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या मुलासारखे वागविले. बालकवी ख्रिस्ती नव्हते व झाले नाहीत. त्या घराने त्यांच्यावर तशी सक्ती केली नाही. जिने स्वतः पाच वर्षे वेगळी चूल मांडिली होती तिला दुसऱ्याच्या मनाची अडचण सांगावी लागत नव्हती. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी अकाली गेले, तेव्हा टिळकांच्या घरातील एक मूलच गेले.

टिळकांनी १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली. त्यांनी ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले, ओव्या-अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती भक्तिगीते रचिली. पण जुना स्वभाव गेला नव्हता. ८ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांनी मिशनची नोकरी व तिचा पगार सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार नावाची मंडळी उभारू लागले. संन्याशाची बायको ही काय स्थिती आहे, हे सांगावयास नको! आयुष्याच्या उत्तरार्धात लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन पुन्हा एकदा सरकली. पण या खेपेस त्यांस विचार करण्यास चार वर्षे लागली नाहीत. त्या साताऱ्यास गेल्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले.

येथपर्यंतचे आयुष्य पाहून कोणी म्हणेल की ही एका मोठ्या पुरुषाच्या पाठोपाठ चालणारी साध्वी स्त्री होती, एवढेच. पण टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या, आणि त्यांच्या हातून जे कार्य झाले ते याच वर्षांत. मुंबई, कराची, नाशिक अशा ठिकाणी त्या राहिल्या. टिळकांनी ख्रिस्तायन नावाचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्याचे दहा-अकरा अध्याय होताच मृत्यूने त्यांच्या हातातून लेखणी काढून घेतली. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ती उचलली. त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. अध्यायांची ही संख्या वाचून पुढे जाणे सोपे आहे. कृपा करून वाचकांनी क्षणभर थांबावे. बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेलेली बाई संध्याकाळी शेतकऱ्याहून मोठी रास घेऊन घरी आली, असाच हा प्रकार.

देवदत्त आता जाणते झाले होते. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्यांनी आईस आठवणी लिहून देण्यास सांगितले. आई लिहू लागली. नवऱ्याच्या चरित्राची सामग्री म्हणून जे लिहावयास घेतले त्यातून मराठीतील एक अद्वितीय आत्मचरित्र निघाले. ते प्रथम संजीवनी या पत्रातून क्रमाने छापले गेले व मग १९३४ पासून स्मृतिचित्रे या नावाने चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात अलंकार नाहीत, उपदेश नाही, कोणाविषयी कडवटपणा नाही. सासरच्या जाचाची हकिगत वाचतानाही हसू फुटते, आणि हसता हसता डोळे केव्हा भरून आले ते समजत नाही. ज्या हिंदू आप्तांनी त्यांस अडविले त्यांचीही चित्रे तिथे ममतेने काढलेली आहेत. आमच्या मुलांनी हे पुस्तक परीक्षेतील उताऱ्यापुरते न वाचता संपूर्ण वाचावे. आमच्या वाचनालयातील प्रत फार जीर्ण झाली आहे. ती वाचून वाचून झाली आहे, हे ग्रंथास भूषणच म्हटले पाहिजे.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे निवर्तल्या. स्मृतिचित्रांचा चौथा भाग त्यांच्या मागे बाहेर आला. ख्रिस्तायन ग्रंथरूपाने छापले गेले ते १९३८ साली. आईबाप दोघेही गेल्यावर. १९५० साली जोसेफीन इंक्स्टर या बाईंनी स्मृतिचित्रांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्यास मी मागोमाग येते अशा अर्थाचे नाव दिले. आम्हांस ते नाव फार आवडते, तथापि एका गोष्टीत ते अपुरे वाटते. मागोमाग येणारी ही बाई वाटेत अनेकदा थांबली, तिने पुष्कळदा मान हलवून नाही म्हटले, आणि काही ठिकाणी तर पुढे चाललेल्यानेच मागे वळून तिची वाट पाहिली.